पत्रं-बिलांची भिंतीवरची लाकडी पेटी, गोव्याच्या पावसाळ्यात टिकेल अशी

म्हापशाच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी येणारी पत्रं, वीजबिलं, नगरपालिकेची घरपट्टी, बँकेची पाकिटं ठेवायला भिंतीवर टांगायची लाकडी पेटी त्यांना स्वतःच्या हातांनी करायची आहे. घरात हातकरवत, ड्रिल मशीन आणि गुण्या आहे. बाजारातून आणलेली पेटी दोन पावसाळ्यांत तळाशी फुगून उकलली. लाकूड कोणतं घ्यावं, मापं काय धरावीत आणि पेटी टिकेल कशी, असं त्या विचारतात.

ताई, मी फोंडा तालुक्यात तीस वर्षं सुतारकाम करतो आहे. दारं-खिडक्या केल्या, देव्हारे केले, चतुर्थीला गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीच्या चौकटी केल्या, आणि अशा पेट्याही पुष्कळ केल्या. काम सोपं आहे, तुमच्या हातून नक्की होईल. मात्र करवत हातात घेण्याआधी दोन गोष्टी मनात पक्क्या करा.

पहिली गोष्ट कागदाची. पेटीत कागद टाकताना कुणालाच अडचण येत नाही, अडचण येते तो काढताना. बाजारातल्या बहुतेक पेट्या उंच आणि खोल असतात. मागचं पाकीट दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते कुणी काढत नाही. दुसरी गोष्ट दमटपणाची. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत न हललेला कागद ओल धरतो, ओल धरली की बुरशी येते आणि पाठोपाठ कसर लागते. शिरोड्याच्या एका घरी मी जुनी पेटी दुरुस्त करायला गेलो होतो. आजींनी मागच्या खणातून एक जुडगा काढून माझ्या हातावर ठेवला. जमिनीचे एक-चौदाचे उतारे, देवस्थानाकडून महाजनांना आलेल्या सूचना, दोन लग्नपत्रिका, सगळं एकमेकांना चिकटून विटेसारखं झालेलं. कडा कसरीने अशा कुरतडल्या होत्या की नकाशातला समुद्रकिनारा वाटावा. पेटी सागवानाची होती, जोड पक्के होते, सुताराच्या कामात खोट नव्हती. पण ती भिंतीला घट्ट चिकटवलेली होती आणि तळ बंद होता. वारा शिरायला वाटच नव्हती. तेव्हापासून मी पेटी करतो ती आधी कागद दिसावा म्हणून आणि मग वारा खेळावा म्हणून. शोभा तिच्या मागून आपोआप येते.

आता लाकूड. तुमची फुगलेली पेटी बहुधा एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या पाटीची असणार. तिच्या कापलेल्या कडेला पाणी लागलं की ती फुगते आणि पुन्हा बसत नाही. आपल्या हवेत ती भिंतीवर नको. बाजू, तळ आणि दर्शनी पट्टीसाठी १२ मिमी जाडीचं खरं लाकूड घ्या. माझी पहिली पसंती फणसाला. रंधा छान चालतो, रंग आधी हळदीसारखा पिवळा असतो आणि उजेडात वर्षभरात मधासारखा होतो. सागवान उत्तमच, पण एवढ्याशा कामाला नवं सागवान विकत घेण्याची गरज नाही. जुनी घरं पाडतात तिथलं दाराचं, वाशाचं लाकूड मिळालं तर सोनं समजा. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, आता त्याला वेडंवाकडं व्हायचं कारण उरलेलं नसतं. फक्त कापण्याआधी त्यात मोडलेले खिळे आहेत का हे चुंबक फिरवून बघा, नाहीतर करवतीचे दात जातील. फळीच्या कडेला पांढरट पट्टा असेल तर तो काढून टाका. किडीला तोच भाग आवडतो.

परसातला फणस कापून फळ्या काढायचा विचार असेल तर आधी वनखात्याची परवानगी लागते. १९८४च्या वृक्षसंवर्धन कायद्याप्रमाणे आपल्या जागेतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. शिवाय ओल्या फळीला वाळायला दर इंच जाडीमागे वर्षभर तरी द्यावं लागतं. तेव्हा या पेटीसाठी तो मार्ग नकोच. मुरगाव बंदराकडून येणाऱ्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या स्वस्त मिळतात, त्या चालतील, पण लाकडावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं लाकूड, ते घ्या. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घरात आणू नका.

मागची पाटी आणि खण वेगळे करणारे आतले दोन पडदे ६ मिमी प्लायवूडचे करा. दुकानात बीडब्ल्यूआर दर्जाचं मागा, ते ओल सोसतं. मरीन प्लाय आणलंत तरी हरकत नाही, पण या कामाला त्याची गरज नाही. फळ्या आणल्या की लगेच कापू नका. ज्या खोलीत पेटी टांगायची त्याच खोलीत दोन-तीन आठवडे, मधे काड्या घालून, आडव्या रचून ठेवा. लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत वाढतं. अडीचशे मिमी रुंदीची फळी मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत दोन-तीन मिमी सहज फुगते. जुलैत दारं का अडकतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मापं मी कागदावरून काढतो. लांबट पाकीट २२० बाय ११० मिमी असतं, मोठं पाकीट २२९ बाय १६२ आणि ए-फोर कागद २९७ बाय २१०. ही तीन मापं सांभाळली की घरात येणारं जवळपास सगळं बसतं. म्हणून तीनच खण करा, एकामागे एक, पायऱ्यांसारखे चढत जाणारे. लोक पाच-सहा खण सांगतात, पण महिन्याभरात त्यातले दोन रिकामे आणि एक कोंबलेला, हे मी घरोघरी पाहिलं आहे. पुढच्या खणात या महिन्यात भरायची बिलं, मधल्यात उत्तर द्यायची किंवा कार्यालयात न्यायची पत्रं, मागच्यात जपून ठेवायचे मोठे कागद. प्रत्येक खण ३२ मिमी खोल पुरे. जास्त खोल केलात तर पावसाळ्यात मऊ झालेले कागद आत कमरेत वाकतात.

आतली रुंदी २५० मिमी धरा. तळाची फळी २५० बाय १०८, दर्शनी पट्टी २५० बाय ७०. दोन्ही १२ मिमी जाडीच्या, आणि लाकडाचे रेषे २५०च्या दिशेने. पुढचा पडदा २४८ बाय ११५, मागचा पडदा २४८ बाय १९०. दोन मिमी कमी धरलेत ते मुद्दाम, पडदे वर ओढून काढता यावेत म्हणून. पाठीमागची पाटी २७४ बाय ३४०. या उंचीत प्रत्येक खणातला कागद पुढच्या आडोशापेक्षा वर डोकावतो. लांबट पाकीट जवळजवळ निम्मं दिसतं, ए-फोर कागद शंभर मिमीच्या वर दिसतो. प्लाय विकत घेताना सहा मिमी म्हणून घेतलं तरी मोजल्यावर साडेपाच भरतं. तेव्हा खरी जाडी मोजूनच पुढचं काम करा.

बाजूच्या दोन फळ्या कापण्यात खरी गंमत आहे, तिथे जरा थांबतो. बाजू मागे ३४० मिमी उंच आणि पुढे ७० मिमी उंच, वरची कड तिरपी. त्यासाठी दोन फळ्या लागत नाहीत. १२० मिमी रुंद आणि ४२० मिमी लांब अशी एकच फळी घ्या. तिच्या एका लांब कडेवर डाव्या टोकापासून ३४० मिमीवर खूण करा आणि समोरच्या कडेवर डाव्याच टोकापासून ७० मिमीवर. दोन्ही खुणा एका रेषेने जोडा. त्या तिरप्या रेषेवर एकच काप दिला की दोन्ही बाजू हातात येतात. उजव्या टोकाकडे दहा मिमी जास्त उरतात. तेवढे करवतीच्या फटीत आणि कड साफ करण्यात जातात. दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून, सारखे होईपर्यंत एकदमच रंधा मारा. रंधा नसेल तर सपाट ठोकळ्याला ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून घासा.

इथे एक चूक हमखास होते. माझ्याकडे शिकायला आलेल्या जवळपास प्रत्येक मुलाने ती एकदा तरी केली आहे. दोन्ही तुकडे एकाच फळीतून निघाल्यामुळे एकसारखे दिसतात आणि आपण दोन्हीच्या एकाच अंगावर आतल्या खुणा करतो. मग जोडायला घेतलं की दोन्ही डाव्याच बाजू निघतात. म्हणून आधी दोन्ही तुकडे टेबलावर उभे करा, जशा बाजू भिंतीवर असतील तशा, आणि ज्या अंगांनी त्या एकमेकांकडे बघतात त्यांवर पेन्सिलने मोठं ‘आत’ असं लिहा. खुणा त्याच अंगांवर. वरचं मागचं टोक अणकुचीदार होतं, ते ठिसूळही असतं आणि लागतंही. वरून तीसेक मिमी कापून बोथट करा आणि कड गोलसर घासा.

पडदे बसवायला सुतार खाच पाडतो. तुमच्याकडे खाच पाडायचं राउटर मशीन नाही आणि पटाशीने सरळ खाच पाडायला हात बसावा लागतो. त्यापेक्षा ६ बाय ६ मिमीची लाकडी पट्टी दीड मीटर आणा. बाजूंच्या ‘आत’ लिहिलेल्या अंगावर, पडद्याच्या पुढे एक आणि मागे एक अशा पट्ट्या उभ्या चिकटवा, मधे पडदा सरकेल एवढी फट ठेवून. फट ठरवायला मोजपट्टी नको, प्लायचाच एक तुकडा मधे ठेवा आणि त्याच्यासोबत जुनं पोस्टकार्ड. पोस्टकार्डाच्या जाडीएवढा सैलपणा पावसाळ्यात बरोबर पुरतो. पट्ट्या तळाच्या फळीच्या वरून सुरू होतील, म्हणजे खालून १२ मिमी सोडून. पुढच्या पडद्याच्या पट्ट्या ११५ मिमी उंच, मागच्याच्या १९० मिमी.

तळाला भोकं पाडायची, प्रत्येक खणात चार, ८ मिमीच्या बिटने. पूर्वी मी तळाला भोकांऐवजी आडव्या पट्ट्यांची जाळी करत असे, हवा भरपूर जावी म्हणून. पण कागदही त्या पट्ट्यांच्याच दिशेने उभा राहतो, त्यामुळे बारीक पावत्या नेमक्या फटीतून खाली घसरायच्या. एका गिऱ्हाइकाची विम्याच्या हप्त्याची पावती अशीच कपाटामागे गेली आणि महिन्याने सापडली. तेव्हापासून भोकंच. पाठीमागच्या पाटीलाही मधोमध सहा भोकं द्या.

दर्शनी पट्टीच्या वरच्या कडेवर मध्यभागी आमटीची वाटी पालथी धरून पंचवीसेक मिमी खोल अर्धगोल आखा आणि तेवढा भाग कापून काढा. छोट्या करवतीने उभे काप देऊन पटाशीने तुकडे उडवले की उरलेलं गोल कानशीने साफ होतं. याने अंगठा आत जातो आणि एकच बिल सहज काढता येतं, सगळा गठ्ठा उचलावा लागत नाही.

जोडताना आधी कोरडं जुळवून बघा. तळ आणि दर्शनी पट्टी बाजूंच्या मधे बसते, स्क्रू बाजूंच्या बाहेरून आत जातात. प्रत्येक जोडाला पाण्यात टिकणारा फेविकॉल आणि ३० मिमीचे दोन स्क्रू. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळेचेच घ्या. आपल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं आणि टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडात गंजाभोवती काळा डाग पसरतो, तो पॉलिशखालूनही दिसतो. आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा, नाहीतर फळीचं टोक चिरतं. पितळेचे स्क्रू मऊ असतात, म्हणून त्या भोकात आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा आणि मग पितळेचा बसवा, मोडणार नाही. जोड दाबून धरायला शिकंजा नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा आणि पेटीभोवती ताणून चार फेरे गुंडाळा. रात्रभर तशीच ठेवा. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा, वाळला तर तिथे पॉलिश धरत नाही. पाठीमागची पाटी शेवटी, मागून बारीक स्क्रूंनी. त्याआधी दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले की पेटी काटकोनात आहे.

तळ आणि बाजू पावसाळ्यात फुगतात त्या दोन्ही पुढे-मागे, एकाच दिशेने, त्यामुळे जोडावर ताण येत नाही. म्हणून वर सांगितलेली रेष्यांची दिशा बदलू नका.

पॉलिशबद्दल माझं मत ठाम आहे. आतून तेल लावू नका, जवसाचंही नको. बंद जागेत त्याचा वास महिनोन्महिने राहतो आणि कागदाला तेलकट डाग पडतात. मीटर बघायला येणारा माणूस हातातल्या मशीनमधून बिल काढून देतो, त्याची अक्षरं उष्णतेने उमटलेली असतात. ती तेलाने आणि उन्हाने पुसट होत जातात. जपायचं असेल तर त्याची झेरॉक्स काढूनच मागच्या खणात ठेवा. काजूच्या टरफलाचं तेल आपल्याकडे वाशांना आणि होड्यांना लावायची जुनी रीत आहे आणि त्या कामाला ते चांगलंच आहे, पण ते कातडी भाजतं आणि काळं माखतं. या पेटीला ते लावायचं नाही.

आत-बाहेर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सुती बोळ्याने लावा, आतून एकच पातळ हात, बाहेरून तीन-चार. प्रत्येक हातानंतर वाळू द्या आणि बारीक पेपरने हलकं घासा. हे काम पावसाच्या दिवशी मुळीच करू नका. दमट हवेत स्पिरिट उडताना ओल पकडली जाते आणि पॉलिश धुरकट पांढरं पडतं. ऑक्टोबरनंतरची किंवा एप्रिल-मेमधली कोरडी सकाळ निवडा. बाहेरून जवसाचं तेलच हवं असेल तर लावा, पण तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. उघडी पसरून अंगणात वाळवा, मग टाका.

टांगायची जागा. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती ओल धरतात. त्यांच्यावर नको. बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, किंवा पडवीतही नको, तिथे पावसाचा शिंतोडा येतो. दारातून आत आल्यावर पहिली आतली भिंत सगळ्यात चांगली, आणि चुलीपासून लांब. पेटीच्या पाठीला दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने लावा. वरची १० मिमी जाड आणि खालची २५ मिमी. याने भिंत आणि पेटी यांत वारा खेळतो, शिवाय पेटी वरून किंचित मागे कलते आणि उभे कागद पुढे कोसळत नाहीत.

तुमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, जुनं असेल तर भोक पाडताना सांभाळा. चिरा मऊ आणि भुसभुशीत असतो. ड्रिलचा ठोके देणारा भाग बंद ठेवा, नुसता फिरवा, नाहीतर भोक वाडग्याएवढं होतं. बिट आत जाताना लाल भुकटी सारखी येत असेल तर तुम्ही दगडात आहात. मधेच बिट धसकन आत गेलं तर तो मातीचा सांधा, तिथे स्क्रूचा प्लास्टिकचा प्लग धरत नाही, दोन बोटं बाजूला सरका. गिलावा जाड असतो, म्हणून प्लग निदान ५० मिमीचा आणि स्क्रू ७५ मिमीचा. दोन स्क्रू, पाटीच्या वरच्या भागातून, वरच्या पट्टीतून आरपार. पाणसळ लावून दोन्ही भोकं एका रेषेत घ्या. भरलेली पेटी चार किलोंच्या आतच राहते, दोन स्क्रू पुरेसे आहेत. खाली किल्ल्यांचे हूक लावायचा मोह होईल, पण लावू नका. पावसाळ्यात तिथे ओली छत्री नाहीतर रेनकोट अडकवला जातोच आणि त्याची ओल भोकांतून वर कागदात जाते.

चतुर्थीच्या आधी घराची साफसफाई निघेल तेव्हा दोन्ही पडदे वर ओढून काढा, कोरड्या फडक्याने पट्ट्यांच्या कोपऱ्यांतली धूळ पुसा आणि कागद उन्हात नाही, पंख्याखाली तासभर पसरून ठेवा. पहिल्या वर्षी एखादा पडदा अडकला तर ओढाताण करू नका. ऑक्टोबरमध्ये तो आपणहून सैल होईल, तेव्हा त्याच्या कडेला पॉलिश पेपरचे चार हात मारा आणि मेणबत्ती घासून परत सरकवा.